तयारी न करता इंग्रजीत बोलायला सांगितलं की सुचतच नाही, यावर काय करावं?

तुमचा प्रश्न असा की इंग्रजी वाचलेलं समजतं, व्याकरण येतं, पाठ केलेलं भाषणही व्यवस्थित होतं. पण कुणी अचानक ‘यावर जरा बोला’ म्हटलं की पहिल्या वाक्यालाच अडायला होतं. मी मराठी माध्यमातून शिकले, आता कामाच्या ठिकाणी दिवसभर इंग्रजीत बोलते आणि नव्याने रुजू झालेल्यांचा बोलण्याचा सरावही घेते. अगदी हीच अडचण घेऊन येणारे बरेच जण भेटतात. त्यांची बुद्धी किंवा शब्दसंग्रह कमी पडतो असं मला तरी कधी दिसलं नाही.

अडतं ते वाक्याच्या बांधणीत. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘आमच्या टीमने गेल्या आठवड्यात ग्राहकांच्या सगळ्या तक्रारींचा नीट अभ्यास केला’ हे वाक्य मनात तयार झालं, तर त्यातलं ‘अभ्यास केला’ हाती लागेपर्यंत इंग्रजीत पुढे सरकताच येत नाही, कारण तिथे कर्त्यापाठोपाठ क्रियापद लागतं. मग अख्खं वाक्य डोक्यात धरून उलटंपालटं करावं लागतं. लिहिताना त्याला वेळ मिळतो. चार माणसं तोंडाकडे बघत असताना मिळत नाही.

म्हणून मी पहिली सवय ही लावायला सांगते: कोण आणि काय केलं, एवढंच आधी बोलून टाका. ‘अवर टीम स्टडीड द कंप्लेंट्स.’ हे वाक्य पूर्ण आहे, इथे थांबलात तरी चालतं. मग जोडत जा: ‘ऑल ऑफ देम’, ‘लास्ट वीक’. तुकडे मागून जोडले की डोक्यात काही धरून ठेवावं लागत नाही. ‘जो-तो’ची वाक्यं तर सरळ तोडा. ‘काल जो माणूस मला भेटायला आला होता त्याने सांगितलं की’ असं मनात आलं, तर ‘अ मॅन केम टू सी मी यस्टरडे. ही सेड’ अशी दोन वाक्यं करा. ऐकणाऱ्याला छोटी वाक्यं कमी दर्जाची वाटत नाहीत, उलट समजायला सोपी जातात. याचा सराव कुठेही होतो. समोर जे घडतंय ते मनातल्या मनात नको, हलक्या आवाजात का होईना पण तोंडाने बोला: कोण, काय करतंय. सुरुवातीला हे बालिश वाटेल, तरी सोडू नका.

व्याकरण पक्कं असलेली माणसं जास्त अडखळतात, याचंही कारण आहे. स्टीफन क्रॅशन या भाषातज्ज्ञाने 1982 च्या सुमारास मांडलं होतं की शिकलेले नियम लावून आपलं वाक्य तपासायचं तर वेळ हवा, नियम माहीत हवा आणि लक्ष आशयाऐवजी वाक्याच्या रूपाकडे हवं. गप्पांमध्ये किंवा बैठकीत पहिली आणि तिसरी गोष्ट नसतेच. त्यामुळे बोलताना तपासणी बंद ठेवायची. काळ चुकला, ‘द’ राहिला, तर मागे न जाता वाक्य शेवटापर्यंत न्या. अर्थ बदलत असेल तेवढंच सुधारा: आकडा, तारीख, ‘कॅन’ आणि ‘कान्ट’.

आता ‘तयारी न करता’ याबद्दल. 10 भाषांमधल्या संभाषणांची तुलना करणारा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. एकाचा प्रश्न संपल्यापासून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत साधारण 200 मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, असं त्यात दिसलं. पण नुसत्या एका चित्राचं नाव सांगायलाही माणसाला याच्या तिप्पट वेळ लागतो. याचा अर्थ, मातृभाषेतसुद्धा समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवायला लागलेलो असतो. तुम्हीही ऐकता ऐकता आपलं फक्त पहिलं वाक्य ठरवा. पुढची ठरवू नका, नाहीतर ऐकणं सुटतं.

वेळ हवा असेल तर तो उघडपणे घ्या. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या संशोधकांनी 2002 मध्ये दाखवलं की इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही ‘अं’ आणि ‘अम्’ वापरतात: छोट्या विरामाआधी पहिला, मोठ्या विरामाआधी दुसरा. तेव्हा अडखळलो म्हणजे इंग्रजी कच्चं असं मुळीच समजू नका. याच्या जोडीला काही तयार तुकडे जिभेवर बसवा: ‘लेट मी थिंक फॉर अ सेकंड’, ‘द मेन रीझन इज’, ‘इट डिपेंड्स ऑन’, ‘व्हॉट आय मीन इज’. त्यातले शब्द सुटे सुटे आठवायचे नाहीत, अख्खा तुकडा एका दमात यायला हवा. तो उच्चारला जात असताना पुढचं सुचायला अवधी मिळतो. असे 15-20 तुकडे खरोखर अंगवळणी पडले तर रोज नवे शब्द पाठ करण्यापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो, असं माझं ठाम मत आहे.

सरावाची एकच पद्धत निवडायची झाली तर मी 4-3-2 निवडेन. कीथ मॉरिस यांनी ती 1983 मध्ये मांडली आणि पुढे पॉल नेशन यांनी तिचा अभ्यास केला. एकच विषय तीन वेगवेगळ्या माणसांना सांगायचा: आधी 4 मिनिटांत, मग 3, मग 2. मजकूर तोच ठेवायचा. पहिल्या वेळी शब्द शोधण्यात दम जातो, तिसऱ्या वेळी तीच वाक्यं आपोआप येऊ लागतात. माणसं नसतील तर फोनवर रेकॉर्ड करा. तुम्ही म्हणाल, तोच विषय घोटून अचानक आलेल्या विषयाला काय उपयोग? नेमका हाच प्रश्न डी याँग आणि पर्फेटी या संशोधकांनी 2011 च्या अभ्यासात तपासला: एक गट तेच भाषण पुन्हा करायचा, दुसरा दर वेळी नवा विषय घ्यायचा. सरावाच्या काळात दोन्ही गटांचं बोलणं सुधारलं, पण नंतर वेगळ्या विषयावर घेतलेल्या चाचणीत ती सुधारणा टिकली ती तेच भाषण पुन्हा पुन्हा केलेल्यांची. दर वेळी नवा विषय घेणाऱ्यांची टिकली नाही. विषय विसरला तरी वाक्यं जुळवण्याची सवय राहते. मात्र निवडताना असा विषय घ्या ज्यावर तुम्ही मराठीत न थांबता बोलू शकता. विचार आणि भाषा दोन्ही एकदम शोधायची वेळ येऊ देऊ नका.

आरशासमोर बोलण्याचा सल्ला मी देत नाही, लक्ष चेहऱ्याकडेच राहतं. उच्चार परदेशी करण्याच्या मागेही लागू नका. स्पष्ट आणि थोडं सावकाश बोला, म्हणजे पुरे.

गटचर्चेत किंवा मुलाखतीत दोन मिनिटं भरायची असतील तर आधी मत, मग एक कारण, मग स्वतः पाहिलेलं एक उदाहरण. उदाहरणावर जास्त वेळ द्या. घडलेली गोष्ट सांगताना क्रियापदं आपसूक सुचतात. आणि विषय अगदीच अनोळखी निघाला तर तसं मोकळेपणाने सांगा: ‘आय डोंट नो मच अबाउट दिस, बट आय हॅव सीन समथिंग सिमिलर.’ मग तुम्हाला माहीत असलेल्या जवळच्या गोष्टीवर या आणि तिथून बोला. हे वाक्य आजच मोठ्याने म्हणून बघा आणि पुढे एक खरी घटना जोडा.