जपानमधलं शिराकावागो एका दिवसात होतं का, की शेजारच्या गोकायामालाही जावं?

ताकायामाहून बसने तासाभरात शिराकावागोला पोचता येतं, त्यामुळे एका दिवसात आरामात होतं, पण माझं मत विचाराल तर गोकायामा सोडू नका. दोन्हीकडे तीच गाश्शो घरं, नमस्कारासाठी हात जोडल्यासारखी उतरती गवताची छपरं, आणि १९९५ ला दोन्ही मिळून युनेस्कोच्या यादीत गेली, फक्त शिराकावागोच्या ओगिमाची या मुख्य गावात गर्दी फार असते आणि गोकायामाची आइनोकुरा, सुगानुमा ही गावं छोटी अन् शांत.

छपरं इतकी उभी का, तर तिथे बर्फ प्रचंड पडतो, तो साचू नये म्हणून. माळ्यावर रेशमाचे किडे पाळायचे आणि खाली जमिनीत चर खणून माती, गवत, किड्यांची विष्ठा कुजवून बंदुकीच्या दारूसाठी सोरा बनवायचे. गोकायामाचा हा सोरा कागा संस्थानाच्या माएदा सरदारांकडे जायचा. इतक्या आडवळणाच्या गावाला एवढं महत्त्व का होतं ते इथे कळतं, मला तर घरांपेक्षा हेच जास्त भारी वाटतं!

आणि छप्पर बदलायचं असलं की अख्खं गाव कामाला येतं, त्याला युई म्हणतात, म्हणजे आपल्याकडची इर्जिक किंवा सावडच की हो.

जमलं तर आइनोकुरात एखाद्या गाश्शो घरातच मुक्काम करा, संध्याकाळी बस गेल्या की गाव खरं दिसतं. ताकाओका स्टेशनवरून निघणारी बस गोकायामा करत शिराकावागोला जाते, फेऱ्या कमी आहेत म्हणून टाइमटेबल आधी बघून ठेवा.