सुंदरबनचा किनारा जुन्या मोजणीदारांनी नकाशावर आणला कसा?

तुमचा प्रश्न असा, की जिथे धड पाय ठेवायला जमीन नाही त्या सुंदरबनचे नकाशे दोन-अडीचशे वर्षांपूर्वी काढले कसे, आणि आज त्यांच्यावर किती विसंबायचं.

काढले ते बहुतेक होडीत बसून. ईस्ट इंडिया कंपनीने 1764 साली जेम्स रेनेलला मोजणीला लावलं ते काही भूगोलाच्या प्रेमापोटी नव्हे. गंगेतून कलकत्त्याला मोठ्या होड्या आणायला कोरड्या हंगामातही चालेल अशी जवळची वाट हवी होती. मग खाडीच्या एका वळणावरून पुढच्या वळणाची दिशा होकायंत्राने धरायची, अंतर काढायचं, वहीत टिपायचं आणि पुढे सरकायचं. अधूनमधून अक्षांश घेऊन साचलेली चूक आवरायची. दुसरी रीत त्रिकोणांच्या मोजणीची, म्हणजे माहीत असलेल्या दोन जागांवरून तिसरीचे कोन घेऊन तिची जागा काढायची; पण तिला दूरवरचं दिसावं लागतं. खारफुटीत समोरची खाडीसुद्धा दिसत नाही. 1830च्या सुमारास सपाट बंगालात त्यासाठी मुद्दाम मनोरे बांधले गेले. कलकत्त्याच्या बी.टी. रोडला ते आजही बघायला मिळतात.

म्हणून रेनेलच्या नकाशात होडी जाईल त्या खाड्या तपशिलात, आणि आतलं रान जवळजवळ कोरं. त्या कोऱ्या जागेत एक ओळ आहे: मगांच्या लुटालुटीमुळे हा मुलूख ओस पडला. (मग म्हणजे आराकानचे चाचे.) मला तरी ही ओळ सगळ्या खाड्यांपेक्षा जास्त बोलकी वाटते.

पुढची मोजणी महसुलासाठी. जमीनदाराची हद्द कुठे संपते आणि सरकारी रान कुठे सुरू होतं, ती रेषा सुंदरबनचा कमिशनर डँपियर आणि मोजणीदार हॉजेस यांनी 1829-30मध्ये आखली. हॉजेसने रानाचे 236 लॉट, म्हणजे नंबर दिलेले तुकडे, पाडले. गंगासागरला जाताना काकद्वीपला जिथून लाँच पकडतात, त्या धक्क्याचं 'लॉट नंबर आठ' हे नाव त्यातूनच आलं. सुंदरबनची उत्तर हद्द सांगताना आजही हीच रेषा धरतात.

आता विसंबण्याचं. इथे मोठ्या भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. ओहोटीला उघडा पडणारा चिखल जमिनीत धरला की पाण्यात, यावर किनारा कित्येक किलोमीटर सरकतो. न्यू मूर बेट 1970च्या चक्रीवादळानंतर दिसू लागलं, त्यावरून भारत-बांगलादेश भांडले, आणि 2014चा सागरी हद्दीचा निवाडा येण्याआधीच ते बुडालं होतं. त्यामुळे रेनेलचा नकाशा सॅटेलाइट चित्रावर ठेवून 'इतकी जमीन गेली' असा आकडा कोणी दिला, तर मी तो धरत नाही. त्याचे रेखांश कच्चे आहेत. जुळवायचाच असेल तर नकाशावरच्या अक्षांश-रेखांशांच्या उभ्या-आडव्या रेषांवर जाऊ नका. नद्यांचे संगम आणि जुनी गावं धरून जुळवा, तेही उत्तरेकडच्या भागापुरतं.