देणगी मागायला निघण्याआधी

प्रिय लेकीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुमच्या गटानं देणगी मागावी म्हणून तू केलेला आराखडा वाचला. जत तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेसाठी पुस्तकं, वर्गात मोठा टीव्ही आणि मुलांना पुढाकार घ्यायला शिकवणारं काही, ही तिन्ही कामं करण्यासारखी आहेत. पण जवळजवळ सगळा खर्च तू वस्तूंवर मांडला आहेस. वस्तू देणारे पुष्कळ भेटतात. ती वस्तू रोज वापरात राहावी म्हणून माणूस, वेळ आणि दुरुस्ती लागते, त्यासाठी फारसं कुणी मागत नाही. तू ते माग.

सुरुवात वाचन मोजण्यापासून कर. एका कागदावर सुटी अक्षरं, दुसऱ्यावर सोपे शब्द, तिसऱ्यावर चार ओळींचा उतारा, चौथ्यावर आठ-दहा ओळींची गोष्ट. प्रत्येक मुलाला वर्गाबाहेर, व्हरांड्यात एकट्याला बसवून वाचायला दे. चारचौघांत वाचायला लावलं की येणारं मूलही गप्प बसतं. जिथपर्यंत ते अडखळून न थांबता जातं, ती त्याची पायरी. खेड्यातल्या मुलांना किती वाचता येतं हे तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत २००५ पासून साधारण हीच पद्धत वापरतात. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेचं उद्दिष्टही तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं, हेच आहे. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोज. देणगीदारासमोर ‘मुलं मागे आहेत’ असं म्हणू नकोस. कोणत्या इयत्तेतली किती मुलं कोणत्या पायरीवर आहेत, तो तक्ता ठेव.

पुस्तकं घेताना जतची एक गोष्ट ध्यानात घे. सीमेकडच्या कितीतरी घरांत कन्नड बोलतात. पहिलीतल्या अशा मुलाच्या हातात मजकुरानं भरलेलं मराठी पुस्तक दिलं, तर ते चित्रं बघून मिटून ठेवणार. पानाला एक-दोन ओळी आणि मोठं चित्र असलेली पुस्तकं निम्मी तरी हवीत. ‘स्टोरीवीव्हर’ या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्ये मिळते, आणि तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याच्या असल्यानं लेखक-चित्रकारांचं नाव ठेवून छापून घेता येतात. त्या दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेव. एका वर्गाला ५० ते ६० वेगवेगळी पुस्तकं पुरतात. एकाच पुस्तकाच्या ३० प्रती स्वस्तात मिळाल्या तरी नको. निवड करण्याआधी महाबळेश्वरजवळच्या भिलारला जाऊन ये. पुस्तकांच्या त्या गावात बालसाहित्य हाताळून बघता येईल.

आता कपाटाचं. पुस्तकांना कुलूप लागतं त्यामागं गुरुजींचा आळस नसतो. पुस्तक एकदा डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलं की हरवल्याचा जाब मुख्याध्यापकाला द्यावा लागतो, आणि निर्लेखनाची, म्हणजे ते नोंदीतून काढून टाकण्याची, कटकट वेगळीच. म्हणून देणगीपत्रातच लिहून घे की दरवर्षी १०० पैकी १० पुस्तकं फाटतील किंवा हरवतील हे देणाऱ्याला मान्य आहे आणि तेवढी भर तो घालील. मग पुस्तकं भिंतीलगत दोरीवर, मुलांच्या हाताला येतील अशी टांगता येतात. ती घरी गेलीच पाहिजेत.

टीव्हीच्या बाबतीत मी जरा कडक आहे. महागडा पॅनेल नको. ४३ इंची साधा टीव्ही, पेनड्राइव्हवर उतरवून घेतलेलं साहित्य आणि वीज, एवढं आधी जमव. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-ॲपचे व्हिडिओ मिळतात, पण वर्गात रेंज असेलच असं धरून चालू नकोस. विजेचं गणित सोपं आहे. टीव्ही १०० वॅट, लॅपटॉप आणि स्पीकर मिळून ५०. इन्व्हर्टरला जोडलेली १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-अवर देते. निम्मीच वापरायची धरली तर सहा तास निघतात. अर्थिंग तपासल्याशिवाय काही जोडू नकोस, वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की प्लग काढायचा. खरा घात होतो मे महिन्यात. सुट्टीला जाताना मेन स्विच बंद करतात, इन्व्हर्टर तसाच जोडलेला राहतो, बॅटरी हळूहळू उतरते, प्लेटांवर सल्फेट धरतं आणि जूनमध्ये ती चार्जच घेत नाही. पूर्ण चार्ज करून, डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघून, टर्मिनल सोडून ठेवायची आणि महिन्यातून एकदा चार्ज करायची. हे काम कोणाचं, त्याचं नाव बॅटरीवरच चिकटव.

मुलांचं नेतृत्व शिबिरातल्या भाषणांनी घडत नाही, जबाबदारीनं घडतं. पाचवी ते सातवीच्या मुलामुलींकडे पुस्तकांची देवघेव, फाटलेल्या पानांची डागडुजी आणि नोंदवही दे. सहा आठवड्यांनी पाळी बदल, नाहीतर हुशार दोघं-तिघंच सगळं करतात. मिळालेला आणि खर्च झालेला पैसा त्यांनीच फळ्यावर मांडावा आणि बालसभेत वाचून दाखवावा. गावातली कॉलेजात जाणारी एक मुलगी रोज तासभर वाचन घ्यायला ठेव, आणि तिचं मानधन आराखड्यात पहिल्या ओळीत लिही.

पैशाकडे येताना आधी गावाकडे बघ. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी घराघरातून मूठमूठ धान्य जमवलं. गावानं वाटा उचललेला दिसला की बाहेरचा देणगीदारही हात सैल सोडतो. पण नोंदणी नसताना पावत्या फाडू नकोस. गणेश मंडळं धर्मादाय कार्यालयातून वर्गणी गोळा करण्यासाठी ४१ क कलमाची परवानगी काढतात. वर्गणी काढण्याआधी तशीच चौकशी तू कर. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, तेव्हा रक्कम बँकेतूनच घे. परदेशातल्या गाववाल्यांना विचारताना पासपोर्ट विचार: भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही, नागरिकत्व बदललेल्याची ठरते, आणि ती एफसीआरए या विदेशी देणगीच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही.

कंपन्यांचा सीएसआर म्हणजे कायद्यात बसणाऱ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजोपयोगी कामांवर खर्च करणं. कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो, म्हणून पुण्या-मुंबईच्या आधी जिल्ह्यातल्या औद्योगिक वसाहतींमध्ये विचार. संस्थेमार्फत पैसा द्यायचा तर त्या संस्थेकडे आयकर खात्याच्या नोंदण्या (१२ए, ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या) आणि सीएसआरचं काम घेण्यासाठीचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक लागतो. तुमच्या गटाकडे ते नाही. घाईनं ट्रस्ट काढू नका. कंपनीनं खरेदी करून थेट शाळेला द्यावं किंवा नोंदणी असलेल्या जुन्या संस्थेमार्फत काम करावं. एकदम एका वर्षाचं न मागता तीन वर्षांचं माग, पहिल्या वर्षी वस्तू आणि मानधन, पुढं मानधन, दुरुस्ती, नवी पुस्तकं.

यातलं काहीही करण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव हवा. या समितीत ७५ टक्के पालक असतात, त्यांना वाचनाचा तक्ता दाखव, बॅटरी कोण सांभाळणार ते त्यांच्यासमोर ठरव. ठरावाची प्रत आणि सुधारलेला आराखडा पाठव, मग अर्जाचा मसुदा मिळून बघू.

तुझी हितचिंतक