‘मिळाला तर’ म्हणजे पास्ट टेन्स नाही

प्रश्न : ताई नमस्कार, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल एक्स्पोर्ट करणाऱ्या एका युनिटच्या ऑफिसात आहे, बाहेरच्या पार्ट्यांना मेल करायचं काम माझ्याकडेच असतं. मागच्या महिन्यात एका पार्टीला मी लिहिलं, ‘इफ वी रिसीव्हड द अ‍ॅडव्हान्स, वी वुड डिस्पॅच द गुड्स.’ मला म्हणायचं होतं, अ‍ॅडव्हान्स मिळाला तर माल पाठवू. त्यांचं उलट उत्तर आलं की आम्ही पैसे देणार नाही असं तुम्हाला वाटतं का. साहेब चिडले. शाळेत कंडिशनलचे, म्हणजे इफच्या वाक्यांचे, झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड हे सगळे प्रकार पाठ केले होते, पण लिहायला बसलं की एकात एक होतं. नेमकं काय चुकायलंय तेच कळंना.

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण ही चूक तुझ्या एकटीची नाही गं, मराठीत विचार करणाऱ्या प्रत्येकाची आहे आणि ती का होते हे शाळेत कुणी सांगतच नाही.

‘मिळाला’ हा शब्द बघ. एरवी तो भूतकाळ, काल मिळाला. पण ‘मिळाला तर’ म्हटलं की आपण उद्याचं बोलत असतो. ‘उद्या पाऊस पडला तर गाडी काढू नको’, यात काल कुठंच नाही. तू ‘मिळाला’ बघून सरळ ‘रिसीव्हड’ लिहिलंस आणि तिथंच घोळ झाला, कारण इंग्रजीत इफच्या पुढं पास्ट आला आणि सोबत वुड आलं की समोरच्याला ऐकू येतं, ‘हे होणं अवघडच, पण समजा झालं तर’. खरोखर होऊ शकणाऱ्या गोष्टीला इफनंतर साधा प्रेझेंट आणि पुढं विल, हाच तुझा फर्स्ट. ‘इफ वी रिसीव्ह द अ‍ॅडव्हान्स बाय फ्रायडे, वी विल डिस्पॅच द गुड्स ऑन मंडे.’ आणि पैसे येणार हे पक्कंच असेल तर इफ ठेवूच नको, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज वी रिसीव्ह’ लिही, पार्टीला पण बरं वाटतं. वुड घातलं की मेल नम्र होतो असं ऑफिसात बऱ्याच जणांना वाटतं, पण ते ‘वुड यू प्लीज सेंड’ अशा विनंतीत, अटीत नाही. आणि ‘इफ वी विल रिसीव्ह’ पण नको, अटीच्या भागात विल शक्यतो टाळायचं.

झिरोचं फार डोक्याला लावून घेऊ नको. शेंगा जास्त भाजल्या तर चटणी कडू होते, नेहमीच होते, म्हणून दोन्हीकडं साधा प्रेझेंट. झालं.

खरी गंमत सेकंड आणि थर्डची, आणि इथं आपली मराठी दोन्हीला एकच कपडा घालते. ‘माझ्याकडे पैसे असते तर मी गाडी घेतली असती.’ आता हे आजचं की मागच्या दिवाळीचं? मराठीत वाक्यावरून कळत नाही, मागचंपुढचं बोलणं ऐकून कळतं. इंग्रजीला ते आधीच ठरवून लागतं. आजचं असेल तर ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ कार.’ दिवाळीचं असेल तर ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट अ कार.’ म्हणून ‘असता, असती’ आलं की पेन थांबव आणि स्वतःला विचार, आत्ताचं का तेव्हाचं? नंबर पाठ करण्यापेक्षा हा एक प्रश्न जास्त कामाला येतो, मी ट्यूशनच्या मुलांना पहिल्या दिवशी हाच शिकवते.

त्यांना उदाहरण देते आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं. ते १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले, तिथल्याच एका नर्सशी लग्न केलं आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. ‘इफ डॉ. कोटणीस हॅड नॉट गॉन टू चायना, ही वुड नॉट हॅव मेट हिज वाइफ.’ दोन्ही गोष्टी तेव्हाच्या, म्हणून थर्ड. पण ‘ते गेले नसते तर आज चीनमध्ये त्यांचं स्मारक नसतं’ म्हणायचं असेल तर अट तेव्हाची आणि परिणाम आजचा, मग पुढचा भाग बदलतो, ‘देअर वुड नॉट बी अ मेमोरियल टू हिम इन चायना टुडे.’ याला मिक्स्ड म्हणतात. नाव विसरलीस तरी चालेल, ‘आज’ विसरू नको.

प्रश्न : माझा मुलगा नववीला आहे. ‘अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल फेल’ हे वाक्य बाईंनी चूक दिलं. डोन्ट तर पाहिजेच ना? — एक पालक, विजापूर रोड

उत्तर : बाईंचं बरोबर आहे. आपण ‘जोपर्यंत अभ्यास करत नाहीस तोपर्यंत’ असं म्हणतो, त्यातला ‘नाही’ मुलं इंग्रजीत उचलून नेतात. पण अनलेसच्या पोटात नाही आधीच आहे. त्याला ‘केल्याशिवाय’ हा शब्द लावून बघायला सांगा. होमवर्क संपवल्याशिवाय गड्ड्याच्या यात्रेला जायचं नाही, ‘अनलेस यू फिनिश युअर होमवर्क, यू कान्ट गो टू द गड्डा.’ असली चारपाच वाक्यं घरातलीच करून घ्या त्याच्याकडून, भाकरी खाल्ल्याशिवाय, अंघोळ केल्याशिवाय, जे तुम्ही रोज त्याला ओरडून सांगता तेच.