आवृत्ती क्रमांक टिंबावर तोडून तपासू नका

उद्यमबागेतल्या कारखान्यासाठी तुम्ही पायथनमध्ये मशिनींच्या सॉफ्टवेअरची नोंदवही करताय. सुपरवायझरने मोबाइलवरून टाकलेला मजकूर खरंच आवृत्ती क्रमांक (१.२.३ सारखा व्हर्जन नंबर) आहे का, हे कसं तपासायचं, असा तुमचा प्रश्न. सध्या टिंबावर तोडून प्रत्येक तुकड्याला ‘इज-डिजिट’ (सगळे आकडेच आहेत का ते बघणारं फंक्शन) लावलंय आणि ‘चालतंय की’ म्हणताय. नाही चालत दादा, आपल्या बेळगाव भागात तर अजिबात नाही.

पायथनच्या लेखी मराठी आकडा आणि कन्नड आकडा हेही आकडेच. ‘इज-डिजिट’ त्यांना पास करतं, ‘इंट’ बिनबोभाट त्यांची संख्या करून देतं. निपाणी-खानापूरकडच्या फोनवर दोन-तीन कीबोर्ड सहज असतात. एकच आवृत्ती डेटाबेसात वेगवेगळ्या लिपींत जाऊन बसली, की शोधताना सापडायची नाही. रेगेक्स म्हणजे मजकूर जुळवायचा साचा; त्यातल्या ‘बॅकस्लॅश-डी’ या ‘कुठलाही आकडा’ सांगणाऱ्या खुणेचंही तेच. सेमव्हर या आवृत्ती क्रमांकांच्या नियमावलीच्या संकेतस्थळावरचा तयार रेगेक्स उत्तम आहे, पण त्यातही ते आहेच: दोन अंकी भागात पहिला आकडा इंग्रजी आणि दुसरा कन्नड असेल तर पायथन तो गपगुमान घेतो. म्हणून ‘एस्की’ फ्लॅग लावा, म्हणजे फक्त इंग्रजी आकडेच चालतील. आणि ‘मॅच’ऐवजी पूर्ण मजकूर जुळवणारं ‘फुलमॅच’ वापरा, कारण शेवटचं डॉलर चिन्ह मजकुराच्या टोकाला नवी ओळ असली तरी जुळतं. जावास्क्रिप्टमध्ये या दोन्ही अडचणी येत नाहीत.

पण मुळात नियम कुठला, ते आधी ठरवा. सेमव्हर २.०.० ला तीनच भाग लागतात, आकड्याच्या आधी फुकटचं शून्य चालत नाही. त्यामुळे १.२ बाद, ०१.२.३ बाद, आधी ‘व्ही’ लावलेलं तेही बाद. पायथनचा स्वतःचा आवृत्ती-नियम पेप ४४० हे तिन्ही स्वीकारतो, चार भागही स्वीकारतो. त्यासाठी ‘पॅकेजिंग’ लायब्ररीतला ‘व्हर्जन’ वापरा, चुकीचं असेल तर ‘इनव्हॅलिड-व्हर्जन’ पकडा.

मशिनवाल्यांचे क्रमांक मात्र दोन्हींत नीट बसतीलच असं नाही. समजा कंपनीने ४.०७ नंतर सुधारणा करून ४.०७बी काढलं. ‘पॅकेजिंग’ शेवटच्या इंग्रजी ‘बी’चा अर्थ बीटा लावतं आणि नवी आवृत्ती जुनीच्या मागे टाकतं, तेही कुठलीही त्रुटी न दाखवता. अशा वेळी त्या कंपनीपुरता वेगळा नियम लिहा, आणि मूळ मजकूर वेगळ्या रकान्यात जसाच्या तसा ठेवा. ‘फ्लोट’ (दशांश संख्या) तर कुठेच नको, १.१० चं १.१ होतं.

तुमच्याकडच्या मशिनींवरचे पाच-सहा क्रमांक इथे टाका. कुणाला कुठला नियम लावायचा ते बघून सांगतो.