आजोबांची खुर्ची, प्लास्टिकची जाळी नको!

प्रश्न : आजोबांच्या सागवानी खुर्चीच्या वेताच्या बैठकीला झोल आलाय, दोन पट्ट्याही तुटल्यात. सुतार म्हणतो प्लास्टिकची जाळी मारून देतो. मारू का? – एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : अजिबात नको हो! खुर्ची उलटी करून बघा, चौकटीला ओळीनं भोकं असली तर ती हातविणीची, वरच्या बाजूनं सलग खाच असली तर तयार जाळी बसवलेली. नुसता झोल असता तर खालून ओलं फडकं ठेवून वाळवलं की वेत परत ताणला जातो, पण पट्ट्या तुटल्यात म्हणजे हातविणीची असेल तर सगळंच नव्यानं विणायचं, उभे, आडवे, तिरके मिळून सहा फेरे, शिवाय काठपट्टी. वेत भिजवूनच ओढायचा, कोरडा तडकतो. आणि तोवर त्यावर उभं राहून माळ्यावरचे डबे काढू नका!