खोल डब्याच्या मोल्डमध्ये इजेक्टर पिना पुरतात की स्ट्रिपर प्लेट घ्यावी?

पॉलिप्रॉपिलीनचा खोल, पातळ भिंतींचा, सपाट काठाचा आणि तळाला आतून दोन पोकळ बॉस (नळीसारखे उंचवटे) असलेला डबा बाहेर काढण्यासाठी इजेक्टर पिना (तयार पार्ट ढकलून मोल्डबाहेर काढणाऱ्या सळया) पुरतील का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हा डबा नुसत्या पिनांवर सोपवू नये. काठाला स्ट्रिपर प्लेट (पूर्ण काठ ढकलणारी प्लेट), दोन्ही बॉसना स्लीव्ह (बॉसला खालून ढकलणारी नळी) आणि तळाला हवेचा व्हॉल्व्ह अशी रचना करावी.

इजेक्शनची पद्धत ठरवताना पार्टला ढकलायला जागा कुठे मिळते, हे आपण आधी पाहतो. खरे तर तो कोअरला (मोल्डचा आतली बाजू घडवणारा भाग) कुठे धरून बसला आहे, हे आधी पाहायला हवे. पॉलिप्रॉपिलीन थंड होताना साधारण १ ते २.५ टक्के आक्रसते, त्यामुळे डब्याच्या चारही भिंती कोअरला आवळून बसतात. पकड भिंतींची आणि धक्का मात्र तळाला, असे झाले की पातळ तळ वर फुगतो, भिंती जागच्या हलत नाहीत आणि पिना तळात रुततात. काही वर्षांपूर्वी एबीएस या प्लास्टिकच्या एका कव्हरसाठी मी स्वतः हीच चूक केली होती. तळाला आठ पिना दिल्या होत्या आणि पहिल्याच ट्रायलमध्ये बाहेरच्या दर्शनी बाजूवर आठ पांढरट वर्तुळे उमटली. पिना वाढवल्यावर वर्तुळेही वाढली. शेवटी आतल्या खोल रिबांच्या (मजबुतीसाठीच्या पातळ पट्ट्यांच्या) खाचा भिंगाखाली पाहिल्या, तेव्हा त्यांच्या बाजूंवर स्पार्किंगचा (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरण्याचा) खरखरीतपणा तसाच राहिलेला दिसला आणि पार्ट नेमका तिथेच अडकत होता. पार्ट निघण्याच्या दिशेने पॉलिशचा दगड घासून त्या खाचा गुळगुळीत केल्या, रिबांखाली चपट्या ब्लेड पिना बसवल्या आणि तळाच्या निम्म्या पिना काढून टाकल्या, तेव्हा कुठे वर्तुळे गेली.

आपल्या डब्याच्या बाबतीत दुसरी अडचण निर्वाताची आहे. तळ कोअरपासून सुटू लागतो, पण मधल्या फटीत हवा शिरायला वाटच नसते. तळ १०० बाय १५० मिलिमीटरचा धरला, तर केवळ बाहेरच्या हवेचा दाब त्यावर सुमारे १५० किलो वजनाइतका भार टाकू शकतो, आणि भिंतींचे घर्षण त्याखेरीज आहेच. म्हणून कोअरच्या माथ्यावर हवेचा व्हॉल्व्ह द्यावा आणि प्लेट हलू लागतानाच हवा सोडावी. पॉलिप्रॉपिलीनसाठी कोअरला आरशासारखे पॉलिश देण्याचा मोहही टाळावा, कारण असा पृष्ठभाग पार्टला उलट चिकटवून ठेवतो. बारीक मॅट फिनिश अधिक उपयोगी पडते. आतल्या बाजूला निदान १ अंशाचा ड्राफ्ट (भिंतीचा उतार) मागून घ्यावा.

स्ट्रिपर प्लेट संपूर्ण काठाला एकाच वेळी उचलते, म्हणजे भिंतीला भिंतीच्याच रेषेत ढकलते, आणि पिनांचे डागही पडत नाहीत. याहून महत्त्वाचा फायदा कुलिंगचा आहे, असे मला वाटते. तळातल्या पिना गेल्या की कोअरमध्ये पाण्याला मोकळी जागा मिळते, आणि पातळ डब्याचा सायकल टाइम (एका शॉटला लागणारा वेळ) बहुतांशी कोअर किती लवकर थंड होतो यावरच ठरतो. म्हणूनच हा निर्णय कुलिंगची भोके आखण्यापूर्वी घ्यावा. प्लेट आणि कोअर यांचा जोड सरळ न ठेवता काही अंशांचा तिरपा ठेवावा, नाहीतर प्रत्येक शॉटला दोन्ही पृष्ठभाग घासून पुढे काठावर फ्लॅश (फटीत शिरलेल्या प्लास्टिकची पातळ कड) येऊ लागेल.

बॉस आपापल्या कोअर पिनांना (त्यांची पोकळी घडवणाऱ्या पिनांना) स्वतंत्रपणे धरतात, त्यामुळे काठ उचलला तरी ते मागे ओढले जाऊन मुळाशी तुटू शकतात. तिथे स्लीव्हच योग्य. तिचा स्ट्रोक प्लेटच्या बरोबरीने व्हावा, यासाठी दोन्ही एकाच इजेक्टर प्लेटला जोडाव्यात. बॉस अगदी आखूड असतील, तर शेजारच्या गसेटखाली (बॉसला टेकू देणाऱ्या पट्टीखाली) दोन पिना देऊनही भागते. मात्र पिना फार बारीक घेऊ नयेत, कारण लांबी तीच ठेवून व्यास निम्मा केला की पिनेची वाकण्याला तोंड देण्याची क्षमता सोळाव्या हिश्शावर येते.

पहिल्या ट्रायलला रिलीज स्प्रे (पार्ट सहज सुटावा म्हणून मारायचा फवारा) न मारता इजेक्शन अगदी हळू चालवावे आणि सुरुवातीच्या काही मिलिमीटरमध्ये काठ चारही कोपऱ्यांवर एकसारखा उचलला जातो का, हे पाहावे. एखादा कोपरा आधी सुटत असेल, तर हवेचा दाब वाढवण्यापूर्वी प्लेटचे गाइड बुश (प्लेट सरळ सरकवणाऱ्या नळ्या) आणि ओढदांड्यांची लांबी तपासावी.